राष्ट्रीय विमानकंपनी हवी कशासाठी? एअर इंडियाच्या विक्रीनंतरचा आढावा

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली, तेव्हा दोन दशके रेंगाळलेला वाद मिटला असे अनेकांना वाटले. मिटला तो मालकीचा वाद. देशाला राष्ट्रीय विमानकंपनी लागते का, लागत असेल तर कोणत्या कामासाठी, आणि त्या कामाचे पैसे कोणी भरायचे, हे प्रश्न आहेत तिथेच आहेत. उलट विक्रीमुळे ते एकमेकांपासून सुटे होऊन दिसू लागले. जून २०२५ मधली अहमदाबादची दुर्घटना आणि त्याच वर्षी डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाल्याने झालेले हाल, या दोन घटनांनंतर ही चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. ती कुठून निघाली, कोणी काय बाजू मांडली आणि आज कुठे अडली आहे, हे क्रमाने पाहण्याचा हा प्रयत्न.

टपालाच्या थैलीपासून महामंडळापर्यंत

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ हे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते. अहमदाबादेत इंधनाचे डबे बैलगाडीतून आणून विमानात भरले गेले. जुहूपासून मद्रासपर्यंतचा पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. जुहूचा तळ समुद्रालगतच्या चिखलवटीवर होता. पावसाळ्यात तो निकामी होई आणि कंपनीला आपले बस्तान पुण्यात, येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे. सरकारने या सेवेला अनुदान दिले नव्हते. वाहून नेलेल्या टपालामागे मोबदला मिळे. म्हणजे काम सार्वजनिक, मालकी खासगी, आणि कामाचा दर आधी ठरलेला, अशी ही सुरुवात होती. आजची चर्चा फिरून याच तीन गोष्टींपाशी येते.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले आणि तिला एअर इंडिया हे नाव मिळाले. महाराजाचे चित्रही त्याच वर्षीचे. कंपनीचे बॉबी कूका आणि जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव यांनी ते घडवले. १९४८ मध्ये परदेशी सेवेसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल ही वेगळी कंपनी निघाली. तीत सरकारचा वाटा ४९ टक्के होता, आणखी २ टक्के घेण्याचा हक्कही सरकारकडे होता. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. खासगी व्यवस्थापन आणि सरकारी भागीदारी असा हा संयुक्त प्रयोग पाच वर्षे बरा चालला. पुढच्या वादांत त्याची आठवण फार कमी जणांनी काढली, याचे मला नवल वाटते.

देशांतर्गत चित्र मात्र वाईट होते. युद्धानंतर अमेरिकी सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली, परवाने सढळ हाताने वाटले गेले आणि प्रवासी मुळातच थोडे असताना कंपन्यांची गर्दी झाली. या काळातली एक सरकारी योजना विदर्भातल्या वाचकांच्या ओळखीची असेल. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. रात्रीच्या उड्डाणांसाठी पुरेशा सोयी नाहीत, म्हणून जेआरडींनी योजनेला विरोध केला होता. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी ती रेटून नेली आणि ती १९७३ पर्यंत चालली. देशाच्या गरजेची सेवा आणि कंपनीचा हिशेब यांच्यातला झगडा इतका जुना आहे.

न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये अहवाल दिला. कंपन्यांची संख्या कमी व्हावी असा तिचा कल होता, पण तातडीने राष्ट्रीयीकरण करण्याची शिफारस तिने केली नव्हती. सरकारने पुढची पायरी गाठली. १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने १ ऑगस्टपासून देशांतर्गत आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या आणि परदेशी सेवा एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली. जेआरडींना हा निर्णय पटला नव्हता. तरीही त्यांनी परदेशी सेवेचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने दूर करेपर्यंत सांभाळले.

ध्वज, करार आणि हक्क

विमानकंपनीला 'राष्ट्रीय' का म्हणतात, हे कळण्यासाठी १९४४ चा शिकागो करार पाहावा लागतो. प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे, हे त्यात मान्य झाले. त्यामुळे एका देशातून दुसऱ्या देशात नियमित प्रवासी सेवा चालवायची तर दोन सरकारांत करार लागतो. आठवड्याला किती उड्डाणे किंवा किती आसने, कोणत्या शहरांतून, हे त्यात ठरते. हे हक्क कोणत्या कंपनीने वापरायचे ते सरकार ठरवते. मात्र त्या कंपनीची भरीव मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण त्या देशाच्या नागरिकांकडे असावे, अशी अट बहुतेक करारांत असते. कंपनी सरकारीच असावी, असे त्यात कुठेही नाही. 'राष्ट्रीय' आणि 'सरकारी' यांची आपल्याकडे जी सांगड बसली, ती करारातून आलेली नाही. १९५३ च्या कायद्याने चाळीस वर्षे दुसरी कंपनीच अस्तित्वात राहू दिली नाही, त्यातून आलेली आहे.

विमानकंपनी राजकीय हत्यार कशी होते, याचा एक दाखला गोव्यात आहे. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज सरकारने १९५५ मध्ये गोव्यासाठी स्वतंत्र विमानसेवा उभी केली. दाभोळी हा तिचा मुख्य तळ होता. गोवा, दमण, दीव आणि कराची अशी तिची उड्डाणे असत. पुढे ती लिस्बनपर्यंत पोचली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ती सेवा संपली. तिचा जन्म व्यापारासाठी झालाच नव्हता.

नावलौकिकाची वर्षे

१९६० मध्ये बोइंग ७०७ आले, त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली आणि १९६२ मध्ये एअर इंडियाचा सारा ताफा जेट विमानांचा झाला. असा ताफा असलेली ती जगातली पहिली कंपनी होती. या काळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे एकच गोष्ट नोंदवतो. जेआरडी स्वतः प्रवास करताना टिपणे काढत. चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो इथपासून बारीकसारीक तक्रारी त्या टिपणांत असत आणि त्या थेट व्यवस्थापनाकडे जात. सरकारी मालकी असूनही कंपनी नावारूपाला आली, ती अध्यक्षाला कारभाराची मोकळीक असल्यामुळे, असे त्या काळाचे बहुतेक अभ्यासक मानतात. मोकळीक व्यक्तीच्या वजनावर होती, नियमांत लिहिलेली नव्हती, ही त्यातली कच्ची बाजू. ती १९७८ मध्ये उघडी पडली.

कंपनीने चित्रे आणि कलावस्तूंचा मोठा संग्रहही जमवला. हुसेन आणि गायतोंडे यांची चित्रे त्यात आहेत. साल्वादोर दालीने १९६७ मध्ये राखपात्र घडवून दिले आणि मोबदल्यात हत्तीचे पिल्लू मागितले, तेही त्याला पोचवण्यात आले. विक्रीत हा संग्रह टाटांकडे गेला नाही. तो राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्यात आला. नरिमन पॉइंटची तेवीस मजली इमारतही विक्रीतून वगळली होती. ती १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र सरकारकडे देण्याचे पुढे ठरले.

याच वर्षांत मोठे अपघात आणि घातपातही झाले. १९६६ मध्ये माँ ब्लाँवर 'कांचनजंगा' कोसळले, त्यात होमी भाभा गेले. १९७८ च्या पहिल्या दिवशी 'सम्राट अशोक' हे जम्बो जेट वांद्र्याजवळ समुद्रात पडले आणि २१३ जण दगावले. १९८५ मध्ये 'कनिष्क' बॉम्बस्फोटात ३२९ माणसे मारली गेली.

१९९० चे कुवेत प्रकरण मात्र या चर्चेत सतत पुढे येते. इराकने कुवेत घेतल्यावर तिथले भारतीय इराकमार्गे जॉर्डनमध्ये पोचले. अम्मानहून जवळपास दोन महिने उड्डाणे चालली आणि १ लाख ७० हजारांहून अधिक माणसे परत आणली गेली. बहुतेक विमाने मुंबईत उतरली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी तेव्हा केलेल्या कामाची बरोबरी क्वचितच कुणाला साधली असेल. सरकारी कंपनीच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा हाच.

विलीनीकरण, विमानखरेदी आणि कर्ज

१९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली. सरकारी कंपन्यांचा देशांतर्गत वाटा घसरू लागला, ताफा म्हातारा झाला. नव्या विमानांची गरज होती, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. किती घ्यावीत आणि कोणत्या पैशाने, यावर आहे.

२००५-०६ मध्ये दोन्ही कंपन्यांसाठी मिळून १११ विमानांची खरेदी ठरली: एअर इंडियासाठी ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्ससाठी ४३ एअरबस. कॅगने २०११ च्या अहवालात या खरेदीवर बोट ठेवले. एअर इंडियाचा आधीचा प्रस्ताव २८ विमानांचा होता, तो ६८ पर्यंत कसा वाढला, आणि जवळजवळ सगळी खरेदी कर्जावर कशी आखली गेली, हे त्यातले मुख्य आक्षेप. खरेदीचे समर्थक सांगतात की लांब पल्ल्याच्या विमानांशिवाय आखाती कंपन्यांशी स्पर्धाच शक्य नव्हती, आणि २००८ ची मंदी व तेलाचे चढे भाव कुणालाच आधी दिसले नव्हते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण भांडवल न घालता केवळ कर्जावर ताफा दुप्पट करणे कोणत्याही मालकाला झेपले नसते, असे आकडे पाहून वाटते.

२००७ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. कागदावरचे हे विलीनीकरण माणसांत उतरले नाही. दोन्हीकडच्या वेतनश्रेणी, भत्ते, बढतीचे नियम आणि संघटना वेगळ्या. न्या. धर्माधिकारी समितीने २०१२ मध्ये त्यावर उपाय सुचवले, तोवर कटुता वाढून बसली होती. त्याच वर्षी मे ते जुलै असा वैमानिकांचा जवळपास दोन महिन्यांचा संप झाला. त्याच्या मुळाशी पैशाइतकाच एक साधा प्रश्न होता: नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कुणाला मिळणार? जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांना वाटे, परदेशी मार्गांवरची मोठी विमाने ही आपली वाट. जुन्या इंडियन एअरलाइन्सचे म्हणत, कंपनी एक तर संधीही समान. कॉकपिटमध्ये डावीकडच्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीपर्यंत पोचायला लागणारी वर्षे यावर ठरणार होती. विलीनीकरणाच्या टिपणांत बचतीचे आकडे होते, या खुर्चीचा हिशेब नव्हता.

२०११-१२ चा तोटा साडेसात हजार कोटी रुपयांवर गेला. सरकारने २०१२ मध्ये ३०,२३१ कोटींच्या भांडवलाची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. २००९-१० पासून विक्रीपर्यंत रोख मदत आणि कर्जहमी मिळून सरकारने १ लाख १० हजार कोटींच्या घरात आधार दिला.

तीन प्रयत्न

पहिला प्रयत्न २०००-०१ चा. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स एकत्र पुढे आले, पण सिंगापूरने माघार घेतली आणि गाडे थांबले. दुसरा २०१८ चा. सरकार ७६ टक्के विकायला निघाले, २४ टक्के स्वतःकडे ठेवणार होते आणि ३३ हजार कोटींहून अधिक देणी घेणाऱ्याच्या माथी होती. एकही बोली आली नाही. सरकारचा पाय आत राहिला तर कारभारात ढवळाढवळ होईल ही भीती आणि कर्जाचे ओझे, ही दोन कारणे तेव्हा सांगितली गेली.

तिसऱ्या वेळी दोन्ही अडचणी काढल्या. १०० टक्के विक्री, आणि कर्ज किती घ्यायचे ते बोली लावणाऱ्याने सांगायचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली. स्पाइसजेटच्या अजय सिंह यांच्या गटाची १५,१०० कोटींची होती. टाटांच्या रकमेत १५,३०० कोटींचे कर्ज आणि २,७०० कोटी रोख. त्या ऑगस्टअखेर एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होते. त्यातले ४६,२६२ कोटी सरकारच्या एआय अ‍ॅसेट्स होल्डिंग कंपनीकडे, म्हणजे अखेर करदात्यांकडे राहिले.

कोण काय म्हणते

सार्वजनिक मालकी टिकवावी असे म्हणणारे कामगार संघटना आणि डावे पक्ष एवढेच नव्हते. संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीतही २०१८ मध्ये हाच सूर उमटला होता की ही विक्रीची वेळ नव्हे, कंपनीला आणखी अवधी द्यावा. त्यांचा युक्तिवाद असा: तोट्याचा मोठा भाग सरकारी निर्णयांनी लादलेला आहे. न परवडणारे मार्ग, कर्जावरची खरेदी, सरकारी खात्यांची थकबाकी, परदेशी कंपन्यांना उदारपणे दिलेले हक्क हे सारे बाजूला काढून मग कंपनी जोखा. संकटकाळी हुकमी धावणारे विमान हा राष्ट्राचा विमा आहे आणि विम्याचा हप्ता तोटा म्हणून मांडत नाहीत. शिवाय हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळांवरचे स्लॉट पुन्हा सहजी मिळत नाहीत. २०१३ मध्ये जेट एअरवेजने तिथल्या स्लॉटच्या तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरना दिल्या होत्या, यावरून त्यांचे मोल कळावे.

विक्रीच्या बाजूचा युक्तिवाद पर्यायी खर्चाचा. तोट्यात जाणारे रोजचे सुमारे २० कोटी शाळा-दवाखान्यांना मिळाले असते. विमानप्रवास करणारा वर्ग तुलनेने सुस्थितीतला असताना त्याच्या तिकिटाचा भार विमानात कधी न बसणाऱ्याने का सोसावा? मंत्रालयाच्या परवानगीशिवाय विमान भाड्याने घेता येत नाही, भाव बदलत्या बाजारात निर्णय महिनोन्‌महिने फायलीत राहतो, अशा कंपनीला कार्यक्षम व्हा म्हणण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये नीती आयोगाने विक्रीची शिफारस केली ती याच विचाराने. सरकारी ग्राहकही हक्काचा होता: सवलतीच्या रजाप्रवासासाठी कर्मचाऱ्यांना एअर इंडियाचेच तिकीट घ्यावे लागे. विक्री ठरताच ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने सर्व खात्यांना जुनी थकबाकी चुकती करून पुढची तिकिटे रोखीने घ्यायला सांगितले.

तिसरे मत मालकी सरकारी ठेवून कारभार दूर नेण्याचे. सिंगापूर एअरलाइन्सचे अर्ध्याहून अधिक भाग टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीकडे आहेत, तरी ती चोख चालते. या मताला उत्तर असे दिले जाते की सिंगापूरला देशांतर्गत मार्गच नाहीत, त्यामुळे खासदारांच्या मागण्या नाहीत. मला स्वतःला हे उत्तर अपुरे वाटते. अंतर राखणारी रचना आपल्याकडे मनापासून एकदाही उभारली गेली नाही, त्यामुळे ती फसली असेही म्हणता येत नाही.

चौथे मत मालकीचा प्रश्नच दुय्यम ठरवते. विमान इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्ये आपापला व्हॅट लावतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगड भागात तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. खर्चाचा इतका मोठा हिस्सा करांवर ठरत असेल, तर मालक बदलून किती फरक पडणार, असा या मताचा सवाल. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट २०१९ मध्ये बंद पडली; दोन्ही खासगी होत्या.

बाहेरचे दाखले

ब्रिटिश एअरवेज १९८७ मध्ये खासगी झाली आणि टिकली. स्वित्झर्लंडची स्विसएअर ऑक्टोबर २००१ मध्ये जमिनीवर आली. तिच्या जागी आलेली स्विस पुढे लुफ्थान्साने घेतली. इटलीने अलितालियावर वर्षानुवर्षे पैसा ओतला आणि २०२१ मध्ये ती बंद केली. नंतरच्या इटा एअरवेजचे ४१ टक्के २०२५ मध्ये लुफ्थान्साने घेतले. न्यूझीलंडने उलटी वाट धरली: खासगी झालेली एअर न्यूझीलंड २००१ मध्ये बुडू लागताच सरकारने बहुसंख्य भाग पुन्हा घेतला आणि ती सावरली. हंगेरीची मालेव २०१२ मध्ये बंद पडल्यावर स्वस्त कंपन्यांनी तिचे बरेच मार्ग भरून काढले, पण बुडापेस्टहून विमान बदलून पुढे जाणारी वाहतूक उरली नाही.

शेजारच्या श्रीलंकेचा अनुभव अधिक बोलका आहे. १९९८ पासून दहा वर्षे श्रीलंकन एअरलाइन्सचे व्यवस्थापन एमिरेट्सकडे होते. डिसेंबर २००७ मध्ये लंडनहून कोलंबोला येणाऱ्या भरलेल्या विमानातले प्रवासी उतरवून राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्याला जागा द्यायला कंपनीने नकार दिला. मुख्याधिकाऱ्याचा कामाचा परवाना रद्द झाला, पुढच्या वर्षी एमिरेट्स व्यवस्थापनातून बाहेर पडली आणि त्यानंतर कंपनी कर्जात रुतत गेली. दोन्ही बाजू हा दाखला देतात. माझ्या मते मालकीपेक्षा तो मोकळिकीबद्दल सांगतो.

विक्रीनंतर दिसलेले

विक्रीनंतर महिन्याभरातच विम्याच्या युक्तिवादाची परीक्षा झाली. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधले भारतीय विद्यार्थी रुमानिया, हंगेरी, पोलंडमार्गे आणले गेले. ९० विशेष उड्डाणे झाली. त्यातली ७६ नागरी कंपन्यांची, १४ हवाई दलाची. टाटांच्या एअर इंडियासोबत इंडिगो, स्पाइसजेट आदी कंपन्याही त्यात होत्या. खर्च सरकारने केला. सुटकेसाठी सरकारी कंपनी अपरिहार्य नाही, हे यातून दिसले. मात्र कुवेतच्या तुलनेत ही मोहीम बरीच लहान होती आणि विमाने युद्धक्षेत्राबाहेरच्या सुरक्षित शहरांतून निघाली, हेही ध्यानात ठेवावे लागते.

कंपनीचे रूप झपाट्याने बदलले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुनी एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये आणि १२ नोव्हेंबरला टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्यामुळे सिंगापूर एअरलाइन्सकडे एअर इंडियाचे २५.१ टक्के भाग आले. तोटा मात्र २०२४-२५ पर्यंत सरलेला नव्हता. नवी विमाने उशिरा मिळाली, जुन्यांची अंतर्गत दुरुस्ती रखडली आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश बंद झाल्याने युरोप-अमेरिकेची उड्डाणे लांबली, महागली.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडन-गॅटविकला निघालेले ड्रीमलायनर उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण गेले. प्राथमिक अहवालानुसार दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच उड्डाणानंतर लगेच बंद स्थितीत गेले. कशामुळे, हे त्या अहवालाने सांगितले नाही. या अपघाताचा मालकीशी थेट संबंध जोडायला कोणताही आधार नाही आणि दोन्ही बाजूंच्या उत्साही लोकांनी तो जोडू नये. त्याने एक वेगळाच मुद्दा पुढे आणला: अपघाताची चौकशी करणारी यंत्रणा आणि नियमन करणारे संचालनालय, दोन्ही एकाच मंत्रालयाखाली आहेत.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न उत्तरदायित्वाचा. सरकारी असताना एअर इंडिया घटनेच्या बाराव्या कलमाखाली 'राज्य' मानली जाई. हवाईसुंदरीला पहिल्या गर्भारपणानंतर नोकरीतून काढणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटल्यात रद्द केला, तो याच आधारावर. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय उचलून धरत सांगितले की खासगी झालेल्या कंपनीविरुद्ध आता रिट चालणार नाही. ज्या कर्मचाऱ्यांनी सरकारी असतानाच दाद मागितली होती, त्यांनाही हे लागू झाले. कॅगची तपासणी आणि माहिती अधिकारही गेले. देशाच्या नावाने करारातले हक्क वापरणाऱ्या कंपनीने नागरिकांना काही किमान माहिती द्यावी का, यावर आपल्याकडे अजून गंभीर चर्चा झालेली नाही. मला हा सर्वांत दुर्लक्षित पैलू वाटतो.

दुसरा, परदेशी हक्कांचा. दुबईबरोबरच्या करारात दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६५ हजार आसने आहेत आणि एमिरेट्सला ती वाढवून हवी आहेत. २०१३ मध्ये जेट-एतिहाद व्यवहाराच्या सुमारास अबू धाबीची आसने १३ हजारांवरून ५० हजारांपर्यंत वाढवली होती, तेव्हा एअर इंडियाचे नुकसान झाल्याची ओरड झाली. आता मालक खासगी आहे. त्याला संरक्षण द्यायचे, की कोकणातून आखातात कामाला जाणाऱ्या माणसाला स्वस्त तिकीट मिळू द्यायचे? पूर्वी सरकारी कंपनीचे हित म्हणजे देशहित असे म्हणून हा प्रश्न टाळता येई.

तिसरा, मक्तेदारीचा. देशांतर्गत साठ टक्क्यांहून अधिक बाजार इंडिगोकडे आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना डिसेंबर २०२५ मध्ये तिचे वेळापत्रक कोलमडले, तेव्हा सरकारला तिकिटांवर कमाल मर्यादा घालावी लागली आणि नियमांत तात्पुरती सूटही द्यावी लागली. बाजारात सरकारची स्वतःची मोठी कंपनी असती तर ताण हलका झाला असता, असे काहींचे म्हणणे. तशी कंपनी ऐन वेळी जादा विमाने कुठून आणणार होती, हा त्यावरचा रास्त प्रतिप्रश्न.

चौथा, लहान गावांचा. अलायन्स एअर विकली गेली नाही. ती आणि नागपूरच्या मिहानमधला विमानदुरुस्तीचा तळ चालवणारी कंपनी सरकारकडेच राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अलायन्सने मुंबई-सिंधुदुर्ग सेवा उडान योजनेत सुरू केली. अनुदानाची मुदत तीन वर्षांची, आणि २०२४ मध्ये ती सेवा थांबली. सरकारी मालकी असूनही हा मार्ग वाचला नाही, कारण मार्ग तगवतो तो ठरलेला मोबदला. जुहूच्या टपालाच्या वेळीही तसेच होते. १६ एप्रिल २०२५ पासून अलायन्सचेच विमान अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर येऊ लागले आहे आणि त्याच आवारात एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहत आहे. प्रशिक्षणाचा खर्च कंपनी आपल्या गरजेपोटी करील. मुंबईच्या विमानाला अनुदानाची मुदत संपल्यावर कोण पैसे देणार, केंद्र, राज्य की तिकीट काढणारा प्रवासी, हे अजून ठरलेले नाही.